वाचकांचे प्रश्न : औषधाचे स्फटिक आणि द्रावकाची काटकसर

या वेळच्या सदरासाठी निवडलेली पाचही पत्रे विदर्भातून आलेली असून ती एकाच विषयाभोवती फिरतात: औषधाचे स्फटिक पाडताना वापरल्या जाणाऱ्या द्रावकांचे प्रमाण आणि ते कमी करण्याचे मार्ग. पत्रे संक्षिप्त केली आहेत. लेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : महाविद्यालयात पॅरासिटामॉलचे पुनर्स्फटिकीकरण करताना चिमूटभर औषधासाठी चंचुपात्रभर द्रावक लागते. कारखान्यातही प्रमाण असेच असते काय? ते कमी करण्यात कोणाला यश आले आहे काय?
— बी. फार्म.ची विद्यार्थिनी, कारंजा (लाड)

उत्तर : कारखान्यात प्रमाण प्रयोगशाळेपेक्षा कमी असते, पण बाहेरच्या माणसाला वाटते त्यापेक्षा बरेच जास्त असते. रॉजर शेल्डन या रसायनशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये एक साधे माप मांडले: एक किलो उत्पादनामागे किती किलो कचरा निर्माण होतो? मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या मूलभूत रसायनांसाठी हा आकडा एक ते पाचच्या आसपास येतो. औषधांसाठी तो पंचवीसपासून शंभरच्याही पुढे जातो आणि त्या कचऱ्याचा सर्वांत मोठा हिस्सा द्रावकांचा असतो. याचे कारण असे की औषधाचा रेणू अनेक टप्प्यांनी घडतो, प्रत्येक टप्प्यावर तो विरघळवावा, धुवावा आणि पुन्हा वेगळा करावा लागतो, आणि शेवटचे स्फटिकीकरण तर शुद्धता व कणांचा आकार या दोन्हींसाठी टाळता येत नाही.

यशाची उदाहरणे आहेत. सर्ट्रालिन या नैराश्यावरील औषधाच्या निर्मितीत फायझर कंपनीने डायक्लोरोमिथेन, टेट्राहायड्रोफ्युरान, टोल्युईन आणि हेक्झेन ही चार द्रावके काढून टाकून एकट्या इथेनॉलमध्ये काम बसवले. त्यामुळे एक टन औषधामागे लागणारे द्रावक ६०,००० गॅलनवरून ६,००० गॅलनवर, म्हणजे सुमारे सव्वादोन लाख लिटरवरून साडेबावीस हजार लिटरच्या आसपास आले. या कामास २००२ मध्ये अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार मिळाला. यातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की मधल्या टप्प्यावर तयार होणारे इमाईन हे संयुग इथेनॉलमध्ये फारसे विरघळत नाही. ते घनरूपात बाहेर पडत जाते आणि त्यामुळे अभिक्रिया पुढे सरकत राहते. पूर्वी त्यासाठी टायटॅनियम टेट्राक्लोराइड घालावे लागे, तेही सुटले. योग्य द्रावक निवडले तर स्फटिक पडणे हीच अभिक्रियेची मदत ठरते, ही त्या कामातील खरी चतुराई आहे.

सिल्डेनाफिलचे (व्हायग्रा या नावाने विकले जाणारे औषध) उदाहरण अधिक प्रसिद्ध आहे: एका किलोमागे १,३०० लिटरवरून ७ लिटर. ही तुलना मात्र थोडी सांभाळून वाचावी. पहिला आकडा संशोधनाच्या प्रयोगशाळेतील मूळ पद्धतीचा आहे, आणि तशा अवस्थेत कोणीच काटकसर करीत नाही. कारखान्यात पद्धत बसली तेव्हा प्रमाण २२ लिटर होते. तेथून ७ पर्यंतची मजल द्रावक परत मिळवून मारली गेली.

प्रश्न : अकरावीच्या विद्यार्थ्यांना ही कल्पना समजेल असा, ज्वलनशील द्रावक न वापरता करता येणारा प्रयोग सुचवाल काय? आमच्या प्रयोगशाळेत धूर खेचणारे कपाट नाही.
— विज्ञान शिक्षक, दारव्हा

उत्तर : तुरटी आणि पाणी पुरेसे आहे. गढूळ पाण्यात फिरवण्यासाठी तुरटीचा खडा आपल्याकडे घरोघरी असतोच. तुरटीची विद्राव्यता १०० मिलिलिटर पाण्यात २० अंश सेल्सिअसला सुमारे १४ ग्रॅम आणि ५० अंशांना सुमारे ३७ ग्रॅम आहे. दिवाळीनंतरच्या थंडीत, खोलीचे तापमान २० अंशांजवळ असताना हा प्रयोग घ्यावा. दोन चंचुपात्रांत प्रत्येकी ३० ग्रॅम कुटलेली तुरटी घेऊन एकात १०० आणि दुसऱ्यात २०० मिलिलिटर पाणी घालावे, दोन्ही ५० अंशांपर्यंत तापवून ढवळावीत, आणि तुरटी पूर्ण विरघळल्यावर झाकून थंड होऊ द्यावीत. पहिल्या पात्रात थंड पाणी सुमारे १४ ग्रॅम तुरटी धरून ठेवील व १६ ग्रॅमच्या आसपास स्फटिक मिळतील. दुसऱ्या पात्रातील पाणी २८ ग्रॅम धरून ठेवील आणि हाती जेमतेम दोन ग्रॅम लागतील. तुरटीचे द्रावण थंड होऊनही काही वेळ स्वच्छच राहते. तसे झाल्यास तुरटीचा एक बारीक कण आत टाकावा, म्हणजे स्फटिक वाढू लागतात.

विद्यार्थ्यांना विचारावे: तुरटी गेली कोठे? ती थंड पाण्यात राहिली. द्रावक किती जास्त झाले, हे गरम टोकाला कळत नाही, ते थंड टोकाला कळते. नंतर हाच प्रयोग मिठाने करून दाखवावा. मिठाची विद्राव्यता गरम आणि थंड पाण्यात जवळजवळ सारखीच, शंभर मिलिलिटरला ३६-३७ ग्रॅम असल्याने थंड करून मीठ मिळत नाही. त्यासाठी पाणी उडवावेच लागते, आणि मिठागरे उन्हावर चालतात ती म्हणूनच.

प्रश्न : मी औषधाचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. आमच्याकडे शेवटच्या स्फटिकीकरणात दहा व्हॉल्यूम द्रावक घेत असत. खर्च वाचवण्यासाठी ते एकदम सात व्हॉल्यूमवर आणले. उतारा वाढला, पण दोन बॅच अशुद्धीच्या चाचणीत नापास झाल्या आणि सेंट्रिफ्यूजवर केक धुण्यासाठी पूर्वीपेक्षा जास्त द्रावक लागू लागले. आता पुन्हा दहावर जा असे सांगितले जाते. चूक कोठे झाली?
— एक वाचक, बुटीबोरी परिसर

उत्तर : आपण पाठवलेल्या माहितीवरून असे दिसते की द्रावक कमी करण्याचा विचार योग्य होता, पण किती कमी करायचे हा आकडा मोजून काढलेला नव्हता. कारखान्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो की एक किलो मालाला दहा लिटर द्रावक म्हणजे दहा व्हॉल्यूम, आणि केक म्हणजे सेंट्रिफ्यूज या वेगाने फिरणाऱ्या यंत्रात द्रव निघून गेल्यावर उरणारा ओल्या स्फटिकांचा थर. मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित औषध घेऊ आणि त्यावर हिशेब करू; आपल्या मालाचे आकडे वेगळे असतील, हिशेबाची रीत मात्र हीच राहील.

समजा, १०० किलो कच्चे औषध आहे. त्याची विद्राव्यता ६० अंशांना लिटरमागे १५० ग्रॅम आणि ५ अंशांना १० ग्रॅम आहे. दहा व्हॉल्यूम, म्हणजे १,००० लिटर द्रावक घेतल्यास थंड झाल्यावर १० किलो औषध मदर लिकरमध्ये, म्हणजे स्फटिक काढून घेतल्यावर उरणाऱ्या द्रावणात, राहते. सात व्हॉल्यूममध्ये ७ किलो राहते. उतारा तीन किलोंनी वाढला तो असा.

आता त्याच मालात एक अशुद्धी दीड टक्का, म्हणजे १.५ किलो आहे आणि तिची विद्राव्यता ५ अंशांना लिटरमागे २ ग्रॅम आहे, असे धरा. हजार लिटर द्रावक २ किलो अशुद्धी धरून ठेवू शकते, म्हणून ती सगळी मदर लिकरबरोबर निघून जाते. सातशे लिटर मात्र १.४ किलोच धरू शकते. उरलेले १०० ग्रॅम औषधाबरोबर खाली बसतात, आणि ९३ किलो मालात १०० ग्रॅम म्हणजे ०.११ टक्के होतात. दिवसाला दोन ग्रॅमपर्यंत घेतल्या जाणाऱ्या औषधांसाठी आयसीएच या औषधांची मानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार अशुद्धी कोणती आहे हे ओळखून दाखवण्याची मर्यादा ०.१० टक्के (किंवा दिवसाला १ मिलिग्रॅम, यांपैकी जी कमी ती) आहे. एवढ्याशा फरकाने बॅच अडकते. आठ व्हॉल्यूम घेतले असते तर ८०० लिटरमध्ये १.६ किलो अशुद्धी मावली असती, उतारा दहा व्हॉल्यूमपेक्षा दोन किलोंनी वाढला असता आणि द्रावक वीस टक्क्यांनी वाचले असते. दहावर परत जाणे आणि सातवर अडून बसणे, दोन्ही अंदाजपंचे आहेत. उत्तर औषध आणि अशुद्धी या दोघांच्या विद्राव्यतेच्या आलेखांत असते, आणि ते आलेख काढायला काही ग्रॅम माल, तापमान स्थिर ठेवणारे एक पात्र आणि मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणारे एचपीएलसी यंत्र लागते.

या हिशेबात दोन अटी गृहीत धरल्या आहेत. कच्च्या मालातील अशुद्धी नेहमी दीड टक्काच राहील ही पहिली. ती १.७ टक्क्यांवर गेली की आठ व्हॉल्यूमही पुरणार नाहीत. त्यामुळे शेवटच्या टप्प्यावर द्रावक वाचवायचे असेल तर त्याआधीच्या अभिक्रियेवर लक्ष द्यावे लागते. मागच्या टप्प्यातील ढिलाईची किंमत बहुतेक कारखाने पुढच्या टप्प्यात लिटरांनी मोजत असतात. दुसरी अट अशी की अशुद्धी मदर लिकरमध्ये विरघळून राहते. काही अशुद्धींचा रेणू औषधाच्या रेणूसारखाच असतो आणि तो स्फटिकाच्या जाळीतच जागा घेतो. अशा वेळी द्रावक दुप्पट केले तरी फारसा उपयोग होत नाही, तेव्हा द्रावक बदलावे लागते.

सात व्हॉल्यूमची आणखी एक अडचण गरम टोकाला आहे. शंभर किलो माल सातशे लिटरमध्ये म्हणजे लिटरला १४३ ग्रॅम, आणि ६० अंशांची मर्यादा १५०. इतक्या कमी फरकावर गरम द्रावण गाळायला घेतले आणि नळीत तापमान दोन-तीन अंशांनी उतरले की फिल्टरमध्येच स्फटिक पडून वाट बंद होते. मग नळी मोकळी करण्यासाठी आणखी द्रावक ओतले जाते आणि ते बॅच रेकॉर्डमध्ये बचतीच्या रकान्यात दिसत नाही.

केक धुण्यासाठी द्रावक जास्त का लागू लागले, याचे कारण बहुधा स्फटिकांच्या आकारात सापडेल. दाट द्रावण बीजाशिवाय, म्हणजे तयार स्फटिकांचे बारीक कण न घालता, थंड केले तर ते बराच वेळ अतिसंपृक्त राहते (मावते त्यापेक्षा जास्त औषध धरून ठेवते) आणि मग एका क्षणी सगळीकडे एकदम स्फटिक पडतात. ते अतिशय बारीक असतात. बारीक कणांचा केक मदर लिकर घट्ट धरून ठेवतो, सेंट्रिफ्यूज कितीही फिरवले तरी तो ओलाच राहतो, आणि त्या ओलाव्यात अशुद्धीने भरलेले तेच द्रावण असते. वरील उदाहरणात केकमध्ये ४० लिटर मदर लिकर अडकले तर त्याबरोबर ८० ग्रॅम अशुद्धी अडकते. ती धुण्यासाठी आपण जे द्रावक ओतता, ते औषधही थोडे विरघळवून नेते. म्हणजे रिअॅक्टरमध्ये वाचवलेले लिटर सेंट्रिफ्यूजवर परत जातात.

यावर उपाय आहे तो बीज घालण्याचा. द्रावणाचे तापमान संपृक्ततेच्या तापमानाच्या किंचित खाली उतरले, पण आपोआप स्फटिक पडू लागले नाहीत, अशा पट्ट्यात मालाच्या अर्धा ते दोन टक्के इतके चांगले दळलेले बीज घालावे, काही वेळ तापमान तेथेच धरावे आणि मग थंड करावे. थंड करण्याचा वेग सुरुवातीला अगदी कमी आणि शेवटी जास्त असावा, कारण सुरुवातीला स्फटिकांचे एकूण पृष्ठफळ कमी असते आणि ते तेवढेच औषध सामावून घेऊ शकतात. पात्राभोवतीच्या जॅकेटमध्ये सुरुवातीपासून ब्राइन (अतिथंड खारे पाणी) सोडण्याची घाई या ठिकाणी सर्वांत महाग पडते. बीज त्याच स्फटिकरूपाचे, म्हणजे स्फटिकातील रेणूंच्या त्याच मांडणीचे, असल्याची खात्री करून घ्यावी. रिटोनाविर या एचआयव्हीवरील औषधाचे बाजारात आल्यावर दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, एक नवे आणि कमी विरघळणारे स्फटिकरूप निघाले आणि कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या. द्रावकाचे प्रमाण किंवा प्रकार बदलणे हा स्फटिकरूपाच्या दृष्टीनेही मोठा बदल आहे, म्हणून बदलानंतरच्या मालाची, स्फटिकातील रेणूंची मांडणी दाखवणारी क्ष-किरण विवर्तन चाचणी केल्याशिवाय तो बदल पक्का समजू नये.

केक धुताना एकदम पन्नास लिटर ओतण्यापेक्षा थंड द्रावकाचे दोन-तीन लहान भाग वापरावेत. प्रत्येक भागापूर्वी केक सपाट करून त्यातील भेगा बुजवाव्यात, नाहीतर द्रावक भेगेतून सरळ निघून जाते आणि बाकीचा केक न धुता राहतो. आपल्या वरिष्ठांना सुचवण्यासारखी एवढी एकच गोष्ट निवडायची झाल्यास मी हीच निवडीन, कारण तिला ना नवे यंत्र लागते ना भांडवल. पद्धतीतील बदल म्हणून तिची नोंद आणि गुणवत्ता विभागाची मंजुरी मात्र आवश्यक आहे.

आपण पत्राच्या शेवटी पाणी घालून औषध बाहेर काढण्याविषयी विचारले आहे. इथेनॉलच्या द्रावणात पाणी घातल्यास औषधाची विद्राव्यता घसरते आणि उतारा वाढतो, हे खरे. परंतु एकूण आकारमानही वाढते आणि हाती मिश्रण येते. इथेनॉल व पाण्याचे मिश्रण साध्या ऊर्ध्वपातनाने वजनाने ९५.६ टक्क्यांच्या पुढे शुद्ध होत नाही, कारण त्या प्रमाणात दोन्ही एकत्रच उकळतात. एकाच द्रावकात केवळ थंड करून काम भागत असेल तर मिश्रणाच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

प्रश्न : द्रावक परत मिळवून पुन्हा वापरतात असे ऐकले. मग आपण घेतो ते औषध उष्ट्या द्रावकात बनलेले असते काय? ते सुरक्षित आहे काय?
— शेतकरी वाचक, उमरेड तालुका

उत्तर : शंका रास्त आहे. वापरलेले द्रावक ऊर्ध्वपातनाने शुद्ध करून पुन्हा वापरण्यास औषधनिर्मितीचे नियम परवानगी देतात. अट अशी की पुन्हा वापरण्यापूर्वी, किंवा ताज्या द्रावकात मिसळण्यापूर्वी, ते ठरवलेल्या मानकांना उतरले पाहिजे. तयार औषधात किती द्रावक शिल्लक राहू शकते यालाही मर्यादा आहेत: बेंझीन दहा लाख भागांत २ भाग, डायक्लोरोमिथेन ६००, मिथेनॉल ३,०००, आणि इथेनॉल किंवा अॅसिटोनसारख्या कमी घातक द्रावकांसाठी ५,००० भाग. द्रावक ताजे असो वा परत मिळवलेले, मर्यादा तीच.

धोका असतो तो द्रावकाबरोबर परत येणाऱ्या नको त्या पदार्थांचा. २०१८ मध्ये रक्तदाबावरील व्हाल्सार्टनमध्ये एनडीएमए हा कर्करोगाची शक्यता वाढवणारा पदार्थ सापडला आणि अनेक देशांत ते औषध परत मागवण्यात आले. त्यानंतरच्या तपासात जी कारणे पुढे आली, त्यांत नीट नियंत्रण न ठेवता परत मिळवलेली द्रावके हेही एक होते. एका औषधाचे द्रावक दुसऱ्या औषधाच्या टाकीत जाऊ न देणे, प्रत्येक फेरीत काय साठत चालले आहे ते तपासणे आणि काही फेऱ्यांनंतर ते काढून टाकणे, ही काळजी त्यामुळेच घ्यावी लागते. मुळात कमी द्रावक वापरणे हे परत मिळवण्यापेक्षा श्रेयस्कर, कारण न वापरलेले लिटर तपासावे लागत नाही आणि उकळावेही लागत नाही.

आपल्या भागात जे द्रावक पुन्हा वापरण्याजोगे राहत नाही, ते २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते आणि अधिकृत केंद्राकडेच द्यावे लागते. ते नाल्यात सोडलेले आढळल्यास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते.

प्रश्न : द्रावकाऐवजी सरळ पाणीच का वापरत नाहीत? आणि उन्हाळ्यात विदर्भात एवढी उष्णता असताना स्फटिक पाडण्यासाठी थंडावा कोठून आणतात?
— एक वाचक, मूर्तिजापूर

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे की बहुतेक नवी औषधे पाण्यात पुरेशी विरघळतच नाहीत. जी विरघळतात त्यांपैकी काही पाण्याशी अभिक्रिया करून बिघडतात, आणि दम्यावरील थिओफायलिनसारखी काही पाण्याचा रेणू स्फटिकात सामावून घेऊन वेगळ्याच रूपात येतात. शिवाय एक किलो पाणी उडवण्यासाठी सुमारे २,२५० किलोज्यूल उष्णता लागते, इथेनॉलसाठी सुमारे ८५०. वाळवण्याचा खर्च त्याप्रमाणात वाढतो. आणि आपल्याकडे पाणी हेही फुकट नाही.

दुसरा प्रश्न अधिक रंजक आहे. कारखान्यातील कूलिंग टॉवर आपल्या घरच्या कूलरच्याच तत्त्वावर चालतो: पाण्याचे बाष्प होताना उरलेले पाणी थंड होते. कूलर मे महिन्यात गारवा देतो आणि जुलैत नुसती दमट हवा फेकतो, हा विदर्भातील प्रत्येक घराचा अनुभव आहे. बाहेर ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना अशा पद्धतीने पाणी जास्तीत जास्त २३ अंशांच्या आसपास थंड होऊ शकते. ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना ही मर्यादा २९ अंशांवर जाते. प्रत्यक्ष टॉवरचे पाणी याहून काही अंश गरम राहते. म्हणजे केवळ कूलिंग टॉवरवर अवलंबून असलेल्या कारखान्याला रखरखीत उन्हाळ्यापेक्षा पावसाळा जड जातो.

बुटीबोरीच्या वाचकाला दिलेल्या उत्तरातील कल्पित औषधाची बॅच ८०० लिटरमध्ये घेतली आणि ती मे महिन्यात ३० अंशांवर व जुलैत ३६ अंशांवर थांबली असे धरू. विद्राव्यता तापमानाच्या दर अंशामागे एकाच पटीने वाढत जाते असे मानल्यास मदर लिकरमध्ये मे महिन्यात सुमारे २७ किलो आणि जुलैत सुमारे ३७ किलो औषध राहील. ही तूट द्रावक कमी करून भरून काढण्याचा मोह पावसाळ्यात होतो आणि मग अशुद्धीची मर्यादा ओलांडली जाते. त्याऐवजी शेवटच्या टप्प्यापुरते चिलरचे (विजेवर पाणी थंड करणाऱ्या यंत्राचे) पाणी किंवा ब्राइन वापरून बॅच बारा महिने त्याच थंड तापमानावर थांबवावी, म्हणजे द्रावकाचे प्रमाण एकदाच ठरवता येते. चिलरचा विजेचा खर्च वाचलेल्या मालाच्या किमतीशी ताडून पाहावा. स्वस्त औषधाच्या बाबतीत तो परवडेलच असे नाही, आणि तेव्हा पावसाळ्यातील कमी उतारा मान्य करून मदर लिकरमधून माल परत काढण्याची स्वतंत्र, तपासलेली पद्धत बसवणे अधिक व्यवहार्य ठरते.